कोणती लस, कोणाला, किती दिवसांनी?

२०२४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस लंडनच्या न्यायालयातील एका निवेदनाची बातमी सगळ्या वृत्तवाहिन्यांवर झळकली आणि पुढचे काही दिवस पंचवटीतील माझ्या औषधाच्या दुकानात औषधांपेक्षा लशीचीच चौकशी अधिक होऊ लागली. आपल्या करोना लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन त्याच वेळी प्लेटलेट्सची संख्या घटण्याचा विकार उद्भवू शकतो, असे ॲस्ट्राझेनेका कंपनीने तिथे मान्य केले होते. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड या नावाने बनवली आणि आपल्या देशात दिल्या गेलेल्या डोसांपैकी बहुतांश डोस तिचेच होते, त्यामुळे ही बातमी दूरची म्हणून कोणी सोडून देणे शक्यच नव्हते.

आमच्याकडून दरमहा रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे एक काका मोबाइलवरचा मथळा माझ्यासमोर धरून म्हणाले, “ताई, रक्त पातळ करायची गोळी द्या. दोघांनाही पुरेल एवढी द्या, हिनेही तीच लस घेतली आहे.” त्यांचा दुसरा डोस २०२१ च्या उन्हाळ्यातला होता. मी गोळी दिली नाही आणि का देत नाही ते काउंटरवरच उभे राहून सांगितले. या विकारात काही मोजक्या व्यक्तींच्या शरीरात लशीनंतर अशी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होतात, जी प्लेटलेट्समधून स्रवणाऱ्या पीएफ-४ नावाच्या प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे प्लेटलेट्स विनाकारण उद्दीपित होऊन गुठळ्या करू लागतात, त्या गुठळ्या मेंदूतील शिरांसारख्या सहसा न आढळणाऱ्या ठिकाणीही होतात, आणि प्लेटलेट्स अशा खर्ची पडल्यामुळे तपासणीत त्यांची संख्या कमी दिसते. हे सगळे घडायचेच असेल तर ते लस घेतल्यावर साधारण चार दिवसांपासून सहा आठवड्यांच्या आत घडते, आणि तेही मुख्यतः पहिल्या डोसनंतर. तीन वर्षांपूर्वी घेतलेली लस आज अचानक जागी होऊन गुठळी करीत नाही. उलट, हृदयविकार नसलेल्या वृद्ध माणसाने डॉक्टरांना न विचारता रोज ॲस्पिरिन घेतली तर पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव होण्याची भीती खरी आणि आजची असते. काका गोळी न घेता गेले खरे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचे समाधान झाले आहे असे मला वाटले नाही. जाता जाता त्यांनी जो प्रश्न विचारला तोच मला आजही महत्त्वाचा वाटतो: “मग हे आम्हाला तेव्हाच का नाही सांगितले?”

याचे प्रामाणिक उत्तर असे, की सांगितले होते, परंतु ऐकू येईल अशा आवाजात सांगितले नव्हते. मार्च २०२१ मध्ये युरोपातील अनेक देशांनी या लशीचा वापर काही काळ थांबवला होता. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपीय औषध नियामकाने हा विकार लशीच्या अत्यंत दुर्मीळ दुष्परिणामांच्या यादीत घालावा असे जाहीर केले, आणि त्याच दिवशी ब्रिटनने तिशीच्या आतील लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे ठरवले. महिन्याभराने ही वयोमर्यादा चाळीसपर्यंत वाढवण्यात आली. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १७ मे २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. तीव्र आणि गंभीर अशा ४९८ घटनांचा तपशिलाने अभ्यास करून त्यांतील २६ घटना गुठळ्यांच्या असू शकतात, हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ एवढे पडते, ब्रिटनमध्ये ते ४ आणि जर्मनीत १० आहे, आणि कोव्हॅक्सिननंतर अशी एकही घटना नोंदली गेलेली नाही, असे त्यात म्हटले होते. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, सततची तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे अशी लक्षणे आढळल्यास केंद्राशी संपर्क साधावा, अशी सूचनाही आरोग्य खात्याने तेव्हा दिली होती.

म्हणजे २०२४ मध्ये जे गौप्यस्फोट म्हणून आपल्यासमोर आले, ते तीन वर्षे सरकारी पत्रकात आणि कोव्हिशील्डच्या माहितीपत्रकात पडून होते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ, बारीक अक्षरांचा कागद ग्राहक वाचत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या व्यवसायातील बरेच जणही तो वाचत नाहीत. त्यात ‘अत्यंत दुर्मीळ’ या शब्दाला ठरलेला अर्थ असतो: दहा हजारांत एकाहून कमी. आमच्या फळीवरील शेकडो औषधांच्या कागदावर या सदराखाली अशा गोष्टी छापलेल्या आहेत, ज्या मोठ्याने वाचून दाखवल्या तर ग्राहक साधी प्रतिजैविकाची पट्टीही परत करील. लशीचे वेगळेपण एवढेच, की औषध आजारी माणूस घेतो आणि लस धडधाकट माणूस घेतो; त्यामुळे लशीच्या बाबतीत दहा लाखांत एक हा आकडाही सांगण्याजोगा ठरतो.

त्या ०.६१ या आकड्याबद्दल मात्र माझे मत सरकारी पत्रकाहून थोडे वेगळे आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत गुठळ्या होण्याचे मूळ प्रमाणच युरोपीय लोकांहून कमी आहे, असे त्या पत्रकात कारण दिले होते, आणि ते काही अंशी खरे असेलही. पण सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावर लस घेतल्यानंतर दहाव्या दिवशी कोणाचे डोके भयंकर दुखू लागले असेल, तर त्याच्या प्लेटलेट्स मोजल्या गेल्या असतील, मेंदूचे स्कॅन झाले असेल आणि पीएफ-४ च्या प्रतिपिंडांची तपासणी झाली असेल, असे नाशिक जिल्हा ओळखणारा कोणीही म्हणणार नाही. ज्या दिवसांत शहरातील मोठ्या रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, त्या दिवसांतील ही नोंद आहे. हे प्रमाण ‘घडले तेवढे’ असे न वाचता ‘सापडले तेवढे’ असे वाचावे लागते. ते जर्मनीइतके, म्हणजे दहा लाखांत दहा धरले, तरी एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमधील पन्नाशीच्या माणसासाठी हिशेब बदलत नाही, कारण त्याच्यासमोरचा दुसरा पर्याय सुरक्षित घरात बसण्याचा नव्हता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. जे त्या दिवसांत रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानादुकानांतून फिरले, त्यांना त्या वेळच्या धोक्याची आठवण करून देण्याची गरज नाही.

आता त्या प्रश्नाकडे, की एवढे असूनही लोकांचा विश्वास का बसला नाही. माझ्या मते याचे मूळ ३ जानेवारी २०२१ या दिवशी आहे. त्या दिवशी औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी यांनी कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींच्या आपत्कालीन मर्यादित वापराला परवानगी जाहीर करताना त्या ‘११० टक्के सुरक्षित’ असल्याचे सांगितले. औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा असे वाक्य लिहिणार नाही. पॅरासिटामॉलही ११० टक्के सुरक्षित नाही. प्रमाणाबाहेर घेतल्यास ते यकृत निकामी करते. ज्या क्षणी अधिकारी व्यक्ती शंभराच्या वरचा आकडा उच्चारते, त्या क्षणी पुढे सापडणारा पहिला दुर्मीळ दुष्परिणाम हा वैद्यकीय नोंद न राहता खोटेपणाचा पुरावा बनतो, आणि नेमके तेच २०२४ मध्ये घडले.

शिवाय त्या दिवशी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे हाती आलेलेच नव्हते. हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्या साहाय्याने बनवलेली ही लस निष्क्रिय केलेल्या संपूर्ण विषाणूची होती. हे तंत्र जुने आणि परिचित असल्याने तिच्या सुरक्षिततेविषयी फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नव्हते. पण ती किती उपयोगी पडते हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तिला ‘चिकित्सालयीन चाचणीच्या स्वरूपात’ परवानगी दिली गेली आणि सुरुवातीच्या काळात ती घेणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांकडून संमतिपत्रावर सह्या घेण्यात आल्या. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना देशी संशोधनाचे विरोधक ठरवले गेले. पुढे सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील चाचणीत ही लस लक्षणे असलेल्या आजाराविरुद्ध ७७.८ टक्के परिणामकारक आढळली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला मान्यता दिली. निकाल चांगला लागला. परंतु निकाल चांगला लागला म्हणून परीक्षेआधीच दिलेले प्रमाणपत्र योग्य ठरत नाही, आणि जानेवारीत शंका घेणारे चुकीचे ठरत नाहीत.

कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतराचेही असेच झाले. आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. यामागे आधार नव्हता असे नाही. दोन डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर परिणामकारकता सुमारे ५५ टक्के आणि बारा आठवडे किंवा अधिक असेल तर सुमारे ८१ टक्के मिळते, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रसिद्ध केले होते. परंतु ही घोषणा ज्या आठवड्यात झाली, त्या आठवड्यात आमच्या भागातील केंद्रावर पहाटे चार वाजल्यापासून रांग लागत होती आणि नऊ वाजता ‘आज लस उपलब्ध नाही’ असा फलक लागत होता. रांगेतून परतलेल्या माणसाला अंतर वाढवण्याचे कारण विज्ञान आहे की तुटवडा, हे कसे पटणार? दोन्ही खरे असू शकते, पण हे त्याला कोणी सांगितले नाही.

अशा वातावरणात जून २०२१ मध्ये आपल्या नाशिकचे नाव देशभर गाजले ते वेगळ्याच कारणाने. शहरातील एका ज्येष्ठ नागरिकाने दुसरा डोस घेतल्यानंतर आपल्या अंगाला चमचे, नाणी आणि भांडी चिकटतात असा दावा केला, त्याची चित्रफीत पसरली आणि पाहता पाहता इतर गावांतही असे ‘चुंबकमानव’ निघू लागले. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने लशीचा आणि चुंबकत्वाचा संबंध नसल्याचे स्पष्ट केले आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही पुढे आले. आमच्या दुकानात मदतीला असलेल्या मुलाने तेव्हा उत्साहाने स्वतःच्या कपाळावर स्टीलचा चमचा लावून दाखवला आणि तो खरोखर चिकटून राहिला. जूनचा उकाडा, अंगावर घामाचा आणि तेलकटपणाचा थर, आणि चमच्याची गुळगुळीत पाठ. मी फळीवरची टाल्कम पावडर काढून त्याच्या कपाळाला चोळली; चमचा लगेच खाली पडला. मग दुकानातील दिनदर्शिकेला लावलेला छोटा चुंबक त्याच्या दंडाला लावला, तर तो मुळीच टिकला नाही. त्या मुलाने तोवर लस घेतलेलीच नव्हती, हे सांगायचे राहिले. एका डोसमध्ये अर्धा मिलिलीटर द्रव असतो. तो सगळाच्या सगळा लोखंडाचा आहे असे क्षणभर धरले, तरी त्याच्या बळावर वाटी अंगाला टांगून राहणार नाही.

हा प्रकार गमतीचा म्हणून सोडून देता आला असता, पण त्याने एक मोठे नुकसान केले. त्यानंतर लशीबद्दल कोणी काहीही विचारले, की त्याची गणना चुंबकवाल्यांत होऊ लागली. ज्या बाईला अंडाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळी झाली होती आणि म्हणून कोव्हिशील्ड घ्यावी की कोव्हॅक्सिन असा नेमका प्रश्न होता, तिला एका केंद्रावर “अफवांवर विश्वास ठेवू नका” एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक तिचा प्रश्न अतिशय योग्य होता आणि कोणत्याही डॉक्टरने दोन मिनिटांत त्याचे उत्तर द्यायला हवे होते.

लस घेतल्यावर अर्धा तास थांबायला का सांगतात, हेही फार थोड्यांना सांगितले गेले. मंडपातील प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लोक पाच-दहा मिनिटे बसत, कार्यकर्त्याचा डोळा चुकवून निघून जात, आणि प्रमाणपत्राचा संदेश आला की काम झाले असे समजत. तो अर्धा तास ॲनाफिलॅक्सिस या तीव्र ॲलर्जीसाठी असतो. ती अत्यंत विरळा, पण मिनिटांत जीवघेणी ठरू शकणारी असते, आणि जवळ ॲड्रिनलीनचे इंजेक्शन असेल तर बहुतेक वेळा आटोक्यात येते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने तपासलेल्या ३१ घटनांपैकी एका वृद्ध व्यक्तीचा मृत्यू लशीमुळे झालेल्या ॲनाफिलॅक्सिसने झाल्याचे मान्य केले. लशीमुळे मृत्यू झाल्याची ती पहिली अधिकृत नोंद. मला ती नोंद विश्वास वाढवणारी वाटली, कारण तपासणारी यंत्रणा ‘होय’ही म्हणू शकते हे तिने दाखवले. त्याच बातमीचा मथळा केंद्रावरील भिंतीवर लावून त्याखाली ‘म्हणून अर्धा तास बसा’ असे लिहिले असते, तर खुर्च्या इतक्या लवकर रिकाम्या झाल्या नसत्या.

परिणामकारकतेचा वाद त्या मानाने उशिरा, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत पेटला. “दोन डोस घेऊनही झालाच ना?” हे वाक्य त्या महिन्यात मी काउंटरवर इतक्यांदा ऐकले, की उत्तर तोंडपाठ झाले. चाचण्यांतील टक्केवारी लक्षणे दिसणाऱ्या आजाराविरुद्ध मोजलेली होती, ती मूळ विषाणू आणि त्याच्या जवळच्या प्रकारांविरुद्ध होती, आणि ती काळानुसार घसरणारी होती. कोव्हॅक्सिनचेच पाहा: लक्षणे असलेल्या आजाराविरुद्ध ७७.८ टक्के, तीव्र आजाराविरुद्ध ९३.४ टक्के, आणि डेल्टा प्रकाराविरुद्ध ६५.२ टक्के. एकाच लशीची, एकाच चाचणीतील ही तीन उत्तरे आहेत, आणि तिन्ही खरी आहेत. नाकातील संसर्ग रोखणे वेगळे आणि फुप्फुसे वाचवणे वेगळे, हे लाटेआधी सांगितले असते तर लाटेत कोणाला फसवणूक झाल्यासारखे वाटले नसते.

याच काळात दुसरा एक युक्तिवाद जोरात होता: रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी बहुतेकांनी लस घेतलेली होती, मग लशीचा उपयोग काय? हा युक्तिवाद शिकलेली माणसेही करतात, म्हणून कल्पित आकड्यांनी तो तपासून पाहू. समजा एका गावात हजार वृद्ध आहेत. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांना, म्हणजे पाच जणांना, दाखल करावे लागले. लस घेतलेल्यांपैकी दोन टक्क्यांना, म्हणजे एकोणीस जणांना. रुग्णालयातील चोवीसपैकी एकोणीस जण लसवंत दिसतील आणि तरीही लशीने दाखल होण्याचा धोका ऐंशी टक्क्यांनी कमी केलेला असेल. जिथे जवळपास सर्वांनीच लस घेतली आहे तिथे खाटांवरही तेच दिसणार.

लशीने एकूण किती जीव वाचवले, या प्रश्नावर मात्र तज्ज्ञांतही मोठी तफावत आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अंदाजानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात एकट्या भारतात सुमारे ४२ लाख मृत्यू टळले. त्याउलट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये मांडलेला अंदाज २०२० ते २०२४ या काळात साऱ्या जगात मिळून सुमारे २५ लाखांचा आहे. फरक येतो तो गृहीतकांतून: लस नसती तर किती जणांना संसर्ग झाला असता, त्यांतील किती दगावले असते, आणि लस मिळण्यापूर्वीच किती जणांना आजार होऊन गेला होता. आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे, कारण जून-जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती आणि त्यांतील पुष्कळांना ती आजारातून मिळालेली होती. मला स्वतःला ४२ लाखांचा अंदाज चढा वाटतो. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट सारखीच दिसते: फायद्याचा फार मोठा वाटा साठीच्या पुढील लोकांच्या पदरात पडला.

आणि येथेच सक्तीचा प्रश्न येतो. वृद्धाला मिळणारा लाभ मोठा आणि गुठळीचा धोका नगण्य. तरुणाला मिळणारा लाभ तुलनेने लहान आणि गुठळीचा धोका, लहानच असला तरी, वृद्धाहून अधिक. ज्या देशांजवळ दुसऱ्या लशी मुबलक होत्या त्यांनी वयाची रेघ ओढली. आपल्याकडे डेल्टाच्या तडाख्यात आणि कोव्हिशील्डवरच सारी मदार असताना ती ओढणे शक्य नव्हते, हे मी समजू शकते. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात ‘लस नाही तर प्रवेश नाही’ असे धोरण लागू झाले, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. आजार होऊन गेलेल्या पंचविशीच्या मुलाला सरकारी कार्यालयाच्या दारात प्रमाणपत्र मागण्यासाठी जो पुरावा लागतो, तो मला तेव्हा दिसला नाही. लस घेतलेला माणूसही ओमायक्रॉन पसरवत होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल देताना सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी ठरवले नाही, पण कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत, असे स्पष्ट केले. चाचण्यांची माहिती खुली करण्यास आणि दुष्परिणामांची नोंदणी लोकांना सुलभ करण्यासही सांगितले. हा निकाल लशीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही आपापल्या सोयीने अर्धाच सांगतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लसीकरणानंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयात भूमिका मांडली, की लसीकरण ऐच्छिक होते, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही आणि पीडितांना दिवाणी न्यायालयात दाद मागता येईल. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट हीच आहे. दारात प्रमाणपत्र मागायचे आणि न्यायालयात ते ऐच्छिक होते म्हणायचे, हे एकाच तोंडाने शोभत नाही. ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला असे मान्य झाल्यास १,२०,००० पौंड एकरकमी देण्याची योजना आहे आणि तिथे कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. समाजाच्या हितासाठी दहा लाखांतला तो एक माणूस ज्याने किंमत मोजली, त्याची जबाबदारी समाजाने घेणे यात लशीची बदनामी कुठे होते?

गेल्या दोन वर्षांत दुकानातील चर्चा गुठळीवरून हृदयविकाराकडे सरकली आहे. गरबा खेळताना, जिममध्ये, लग्नाच्या वरातीत तरुण मुलगा कोसळल्याची चित्रफीत आली, की खाली ‘लशीचा परिणाम’ असे लिहिलेले असते. कर्नाटकातील हासन जिल्ह्यातील मृत्यूंवरून जुलै २०२५ मध्ये तेथील मुख्यमंत्र्यांनीच तशी शंका व्यक्त केली, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासाचा हवाला द्यावा लागला. त्या अभ्यासात १९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयोगटातील अचानक दगावलेल्या ७२९ व्यक्ती आणि तुलनेसाठी २,९१६ जिवंत व्यक्ती घेण्यात आल्या होत्या. लशीमुळे अशा मृत्यूची शक्यता वाढल्याचे आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत ती उलट कमी होती. शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: पूर्वी करोनामुळे रुग्णालयात दाखल होणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान, नशा किंवा अतिश्रमाचा व्यायाम. मृतांची माहिती त्यांच्या नातलगांना विचारून मिळवलेली असल्याने या अभ्यासाला मर्यादा आहेतच, परंतु तुलनेसाठी दुसरा गट घेण्याची मूलभूत अट तो पाळतो.

ती अट किती आवश्यक आहे, हे कोव्हॅक्सिनविषयीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील अभ्यासावरून कळते. मे २०२४ मध्ये ‘एक तृतीयांश लोकांना दुष्परिणाम’ असे मथळे आले. ९२६ जणांना दूरध्वनीवर विचारून तो निष्कर्ष काढला होता आणि लस न घेतलेल्यांचा गटच त्यात नव्हता. वर्षभरात सर्दी-खोकला, पाळीची अनियमितता, त्वचेचे विकार हे लस न घेतलेल्या किती जणांना झाले असते, हे माहीत नसताना त्यांचा दोष लशीकडे जात नाही. संशोधन परिषदेने घेतलेले हे आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होते. मात्र त्यासोबत लेखकांना कायदेशीर कारवाईचा इशारा देणे, कंपनीने बदनामीचा दावा लावणे, आणि नंतर नियतकालिकाने तो निबंध मागे घेणे, या क्रमाने संशय घेणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत दिले. चुकीच्या अभ्यासाला चांगल्या अभ्यासाने उत्तर देता आले असते.

लशीमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज येते ही गोष्टही निराधार नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर, विशेषतः तरुण पुरुषांत आणि दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, हा विकार दुर्मीळ प्रमाणात आढळला आणि त्या त्या देशांच्या नियामकांनी तो मान्यही केला. पण आपल्या राष्ट्रीय मोहिमेत या दोन्ही कंपन्यांच्या लशी दिल्याच गेल्या नाहीत. अमेरिकेतील नातेवाइकाने पाठवलेला इशारा पंचवटीत वाचणाऱ्याने आधी आपले प्रमाणपत्र उघडून लशीचे नाव पाहावे. आमच्याकडे येणाऱ्यांना मी तेच करायला सांगते, आणि निम्म्यांना तरी आपण कोणती लस घेतली होती हे प्रमाणपत्र पाहिल्यावरच आठवते.

ज्यांना औषधाचा किंवा लशीचा खरोखर त्रास झाला आहे असे वाटते, त्यांच्यासाठी एक मार्ग उपलब्ध आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा रुग्णांनी स्वतः भरण्याचा अर्ज मराठीतही मिळतो, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तोंडी माहितीही देता येते. लशीच्या बाबतीत आपल्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवले तरी नोंद पुढे जायला हवी. अर्जाच्या काही प्रती मी काउंटरच्या खणात ठेवल्या आहेत. अर्जात औषधाचे नाव, ते कधी घेतले आणि त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला हे विचारलेले आहे. मागे त्या गोळी मागणाऱ्या काकांनी एक प्रत नेली. लशीसाठी नाही, तर रक्तदाबाच्या नव्या गोळीने पायावर सूज येते म्हणून. ती भरून आणल्यावर मी त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि गोळी बदलून घेतली.